डबीवरचं बेलाचं पान

आमच्या शिक्षण संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटर दोन आणि प्रिंटर एकच होता. एक कॉम्प्युटर माझ्या टेबलावर, आस्थापनेचा. दुसरा दत्तरावांच्या टेबलावर, कॉलेजच्या परीक्षांच्या कामाचा. दोघांची टेबलं एकाच खोलीत पण दोन कोपऱ्यांत, आणि प्रिंटर मधल्या खिडकीखाली एका स्टुलावर. सुरुवातीला दत्तरावांना काही छापायचं असलं की माझी वायर उपसायची आणि त्यांची खोचायची, मला छापायचं असलं की उलट. वायरीच्या तोंडाला बारीक पिना होत्या. दोनदा वाकल्या, तिसऱ्यांदा एक तुटलीच. तेव्हा आमचे सचिव व्यंकटराव वैतागले आणि नांदेडहून माणूस बोलावला.

त्या माणसानं प्रिंटरशेजारी पत्र्याची एक डबी ठेवली. पाठीमागून तीन वायरी आणि पुढं एक काळी मूठ. मूठ डावीकडं केली की प्रिंटर माझा, उजवीकडं केली की दत्तरावांचा.

"एवढंच ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "कागद चालू असताना मूठ फिरवायची नाही. फिरवली तर एकाच्या ओळी दुसऱ्याच्या कागदावर जातात. न्हाईतर कुठंच जात नाहीत."

"मशीन काही बोंबलत न्हाई का तवा?" दत्तरावांनी विचारलं.

"पडद्यावर एक ओळ येते. ती वाचणारा पाहिजे."

"म्हंजे एक नवरा अन् दोन घरं झाली की, नागूताई," दत्तराव हसत म्हणाले. मी पदर सावरून खाली बघितलं. त्यांची जीभ तशीच होती. मनात काही नसायचं.

आम्ही दोघांनी एक रीत ठरवली. मूठ फिरवायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "घेते" किंवा "घेतो". समोरच्यानं "घ्या" म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. खोली लांबट होती, प्रिंटरचा किरकिराट मोठा होता, त्यामुळं शब्द खणखणीत लागायचा. माझा आवाज मुळात बारीक. पहिल्या आठवड्यात दत्तराव तीन-तीनदा "काय म्हणलाव?" विचारायचे. पण रीत बसली.

अडचण सोमवारची होती.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात आमच्या ह्यांचा उजवा हात गेला. सकाळी कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरायला गेले आणि पट्टी हातातून गळाली. नांदेडच्या डॉक्टरांनी औषधं दिली, मालीश सांगितलं, वेळ लागेल म्हणाले. मी इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही, ते तर लग्नाआधीपासूनचं. पण त्या दिवशी मी वेगळं मागणं मागितलं. अकरा सोमवार उपास, आणि पहाटेच्या पूजेपासून संध्याकाळी देवाजवळ दिवा लागेपर्यंत मौन. एक शब्द नाही. व्यंकटरावांना चिठ्ठी लिहून कळवलं. ते स्वतः पोखर्णीच्या नरसिंहाचे भक्त. परभणीला काही कामाला गेले की पोखर्णी केल्याशिवाय माघारी यायचे नाहीत. त्यांनी चिठ्ठी वाचून नुसते हात जोडले.

तर सोमवारी "घेते" कसं म्हणायचं? पूजेतलं बेलाचं एक पान मी डबीवर ठेवू लागले. पान आहे तोवर मूठ माझी. माझं छापून झालं की पान उचलून पिशवीत. दत्तरावांना हे फार आवडलं. "आता महादेवच राखणीला बसला म्हणायचा," म्हणाले. डबी आल्यापासून सहा सोमवार हे बिनबोभाट चाललं.

हे आम्ही तिसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. तिसरी म्हणजे धुरपताबाई. ऑफिस झाडायचं, फायली वर्गांत नेऊन द्यायच्या, टपाल आणायचं, हे सगळं ती करायची. अकरा वर्षं, रोजंदारीवर. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. सोमवारी मी कामाला बसायच्या आत तिची झाडलोट व्हायची आणि ती शाळेच्या इमारतीकडं जायची, म्हणून तिला सांगायची वेळच आली नाही, असं मी पुढं व्यंकटरावांना सांगितलं. ते खरं आहे. पण तिला सांगावं असं आमच्या दोघांच्या मनातच आलं नव्हतं, हेही खरं आहे.

त्या जानेवारीत संस्थेच्या रोजंदारी माणसांना कायम करायचं निघालं. दहा वर्षं पुरी झालेल्यांची नावं परभणीच्या ऑफिसला कळवायची होती, सतरा तारखेला पाचच्या आत. नंतर आलेलं नाव घेणार नाही, असं पत्रातच होतं. मी यादी केली. गावोगावच्या शाळांची बावीस नावं, शाळेगणिक वेगळे गट. शेवटचा गट मुख्य कार्यालयाचा. त्यात एकच, तेविसावं नाव, धुरपताबाईचं.

"माझं हाय ना त्यात, ताई?" ती दर दोन दिवसांनी विचारायची.

"आहे हो. शेवटी आहे."

"शेवटी का हुईना. आमी मागूनच येतोत."

सतरा तारीख सोमवारी आली. माझा अकरावा सोमवार.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी, संक्रांतीच्याच दिवशी, विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला होता. गाव दोन भागांत गप्प होतं. एका भागात निळे झेंडे लागले होते, आणि दुसऱ्या भागात दुकानं अर्धी उघडून माणसं आत बसली होती. चौकात पोलिसांची गाडी. एस.टी.च्या गाड्या कधी येत, कधी नाही. आमच्या ऑफिसात निम्मी माणसं आलीच नव्हती.

दत्तराव मात्र सकाळपासून परीक्षेच्या याद्यांवर विद्यापीठाचं नवं नाव बसवत होते. "मथळा एका ओळीत मावंना," ते पडद्याकडं बघत म्हणाले. "सोळा वर्षं लोक भांडले, आता मावत न्हाई म्हणून मी कुणासंगं भांडू?" शेवटी त्यांनी अक्षर बारीक केलं आणि मावलं.

तेवढ्यात धुरपताबाई आली. एरवी त्या वेळी ती शाळेकडं असायची. आज नवं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा. तिचा मुलगा लिंबाजी, तिकडं औंढ्याच्या बाजूला मास्तर आहे, सगळी वर्षं मोर्च्यांत होता. त्यानं पाठवले होते. तिनं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दोन पेढे ठेवून दत्तरावांच्या टेबलाच्या कडेला ठेवले. दत्तरावांनी तिथल्या तिथं तोंडात टाकले. "ताजे हायेत की, धुरपताबाई. आणिक हायेत का?" मग दोन माझ्या टेबलाच्या कडेला. मी हात जोडले, उपास असल्याची खूण केली आणि पेढे कागदासकट खणात ठेवले. ती जरा वेळ त्या बंद खणाकडं बघत राहिली. मग फडकं घेऊन खिडकीकडं गेली.

बाहेर जीप लागली होती. यादी घेऊन व्यंकटराव स्वतः परभणीला निघाले होते. मी डबीवर पान ठेवलं, मूठ डावीकडं केली, छपाई सुरू केली आणि सोबतचं पत्र शोधायला टेबलाशी परत आले. एरवी यादी छापली की आम्ही ती ताडून बघायचो, मी मोठ्यानं वाचायची आणि दत्तराव खुणा करायचे. सोमवारी ते जमत नव्हतं.

पत्र सापडलं तेव्हा माझ्या पूजेच्या पिशवीवर बेलाचं पान होतं.

मी वर बघितलं. धुरपताबाई एक रद्दी कागद घडी घालून टाकत होती. खिडकीची चौकट पुसताना तिला पान डबीवर दिसलं होतं. देवाचं पान पिशवीतून पडलं असं समजून तिनं कागद खाली सरकवून ते उचललं होतं आणि आणून पिशवीवर सोडलं होतं. हात लावला नव्हता. माझ्या वस्तूंना ती कधीच हात लावायची नाही. माझा डबा उचलायचा झाला तरी फडक्यानं. मी कधी तसं सांगितलं नव्हतं आणि कधी नकोही म्हटलं नव्हतं.

"पान काढलंय वाटतं," दत्तराव म्हणाले. ते डबीपाशी पोचले होते.

मी उठले. हात वर केला. त्यांची पाठ माझ्याकडं होती. "थांबा" हा शब्द ओठाशी आला आणि मी ओठ मिटले. अकरावा सोमवार होता. दहा सोमवार मी एक अक्षर तोंडाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. संध्याकाळच्या दिव्याला सात तास राहिले होते. त्या एका श्वासात मला ह्यांचा हात दिसला, उशीवर ठेवलेला.

मूठ फिरली. प्रिंटर थबकला, नवं पान वर सरकलं, आणि मग वेगळ्याच लयीत सुरू झाला.

"झालं होतं ना तुमचं?" दत्तरावांनी मागं वळून विचारलं. दारातून व्यंकटराव म्हणाले, "नागूबाई, यादी? चौकात अडवायलेत म्हणे, लवकर निघू द्या." मी बाहेर आलेला कागद फाडला. शेवटी चारठाण्याच्या शाळेचा गट होता, दोन नावं, पुरती आलेली. खाली कोरं. बघताना सगळं आल्यासारखं दिसत होतं. माझ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ उभी होती. मी ती न वाचता एक बटण दाबलं आणि ती गेली.

आणि मी मान डोलावली. झालं म्हणून.

खुणांनी समजावणं जड जातं, बाहेर जीप हॉर्न देत होती, ही कारणं मी नंतर पुष्कळ वेळा मनाशी मांडली. पण मान मी डोलावली होती.

व्यंकटरावांनी सही केली, शिक्का मारला आणि गेले.

दुपारी तीनच्या सुमाराला दत्तराव त्यांच्या याद्यांचे कागद जोडावरून फाडून वेगळे करत होते. एकदम मोठ्यानं हसले. "अहो धुरपताबाई! हिकडं या. तुमी बी.ए.च्या परीक्षेला बसलाव!"

"मी?" ती झाडू ठेवून आली.

"हे बघा. पहिल्याच पानावर, सगळ्या पोरांच्या वर. एक नंबर. वर विद्यापीठाचं नवं नाव अन् खाली तुमचं. पेढे वाटलाव तर नंबरच लागला की!"

ती तोंडाला पदर लावून हसली. "अगं बया. लिंबाजीला कळवा, म्हणावं माय पास झाली." दत्तरावांनी तेवढी पट्टी कात्रीनं कापून तिच्यापुढं धरली. "घ्या, हॉलतिकीट." तिनं ती घडी करून कनवटीला लावली. मग त्यांनी ते पान पुन्हा छापलं, गठ्ठा बांधला आणि औरंगाबादची गाडी मिळाली तर मिळाली म्हणून स्टँडकडं धावले.

मी हसले नव्हते. ते गेल्यावर यादीची कार्बनची दुसरी प्रत मी खणातून काढली. खण उघडताना पेढे दिसले. चारठाणा, दोन नावं, आणि खाली काही नाही. मुख्य कार्यालय नव्हतंच. तेच नाव जाऊन पोरांच्या यादीवर बसलं होतं.

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

ऑफिसात आम्ही दोघीच होतो. मी चिठ्ठी लिहू शकत होते, पण वाचायला कुणी नव्हतं. धुरपताबाईला अक्षर येत नव्हतं. भिंतीवर टेलिफोन होता आणि त्याशेजारी व्यंकटरावांच्या मेहुण्याचा, परभणीचा नंबर लिहिलेला. काम झालं की ते जेवायला तिथं जायचे आणि तिथून पोखर्णीला. परभणी लावायचं म्हणजे एक्सचेंजला तोंडानं सांगावं लागायचं.

मी टेलिफोनपुढं उभी राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. मनात म्हटलं, देवा, तीन तास राहिलेत. दुसरं कुणी येऊ दे. पायऱ्यांवर कुणाचं तरी पाऊल वाजू दे. मी दाराकडं बघितलं. कुणी आलं नाही. धुरपताबाई दारातच बसून कनवटीची ती पट्टी काढून बघत होती. उलटी धरली होती.

मी फोन उचलला.

"परभणी," मी म्हणाले. पहाटेपासून मिटलेल्या घशातून तो शब्द खरखरत आला. एक्सचेंजवाला म्हणाला, "मोठ्यानं बोला की बाई." मी मोठ्यानं नंबर सांगितला.

दारात धुरपताबाई उठून उभी राहिली.

व्यंकटराव निघायच्याच बेतात होते. कुणीतरी त्यांना जीपमधून हाक मारून बोलावलं. "कोण?"

"मी नागूबाई. ऑफिसातनं."

"आज सोमवार ना?"

"होय साहेब. यादीतलं एक नाव छापायचं राहिलं. धुरपताबाईचं. चूक माझी आहे. पाचच्या आत घातलं नाही तर…"

"किती वाजले?" ते मधेच म्हणाले. मग जीपवाल्याला ओरडले, "पोखर्णी ऱ्हाऊ दे. ऑफिसला परत घे." माझ्याशी आणखी एक अक्षर बोलले नाहीत. फोन ठेवला. एरवी त्यांनी मला दहा प्रश्न विचारले असते. मी बोलले एवढंच त्यांना पुरलं.

मी फोन ठेवून वळले. धुरपताबाई समोर होती.

"ताई, तुमी बोललाव."

"हो."

"माझ्या नावापायी?"

मी सगळं सांगितलं. डबीची मूठ, पान, दत्तराव, माझी डोलावलेली मान. सांगताना आवाज पुन्हा बारीक झाला होता. ती जवळ येऊन ऐकत होती, पण टेबलाच्या पलीकडूनच.

"म्हंजे पान मीच उचललं," ती म्हणाली.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मला वाटलं, देवाचं पान मशीनवर पडलंय, कुणाचा हात लागल. माझा तर नको लागाया म्हणून कागदावर घेतलं." ती थांबली. "अन् तुमी बघितलं त्येनला मूठ फिरवताना?"

"बघितलं."

"तवा न्हाई बोललाव."

"नाही."

तिनं मान हलवली, रागानं नाही, हिशेब जुळल्यासारखी. "पेढा बी तसाच हाय खणात. मघा उघडलाव तवा दिसला."

"उपास होता."

"हां. उपास होता." तिनं झाडू उचलला. "लिंबाजी इचारल, नाव का गळालं. त्येला मी सांगन, पानामुळं गळालं. कोण खरं मानल, ताई? शुक्रवारी निकाल लागतो अन् सोमवारी मायचं नाव जातं."

मी कार्बनची प्रत घडी घालून फायलीत ठेवली.

संध्याकाळी मी दिवा लावला. ह्यांना सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून कुशीकडं घेतला आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून धरावं लागंल का?" मी म्हटलं, धरीन. त्यांनी डोळे मिटले. त्या रात्री मी पहिल्यांदा लिंगपूजेला बसून काहीच मागितलं नाही. काय मागावं ते कळेना.

व्यंकटरावांनी पाचला दहा कमी असताना यादीच्या तळाशी ते नाव हातानं लिहून सही केली होती. पण बाकी सगळी नावं छापलेली आणि एकच हातानं लिहिलेलं. तिथल्या माणसानं समासात शेरा मारला: नाव मागाहून घातलेले दिसते, खुलासा मागवावा.

फेब्रुवारीत बावीस जणांचे कायमचे आदेश आले. धुरपताबाईच्या नावापुढं होतं, स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.

तोवर गावात व्हायची ती चर्चा झाली. कुणी म्हणालं, संस्थेनं मुद्दाम गाळलं होतं, बोंब व्हायला नको म्हणून मागून घातलं. कुणी उलट म्हणालं की निकालाच्या जोरावर दाब आणून घुसवलं. लिंबाजी एकदा ऑफिसात आला. पांढरा सदरा, खांद्याला शबनम. ओरडला नाही. माझ्या टेबलापुढं उभा राहून त्यानं विचारलं, "मॅडम, ती डबी कोणती?" मी दाखवली. त्यानं मूठ एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरवून बघितली. "हे एवढं?" म्हणाला आणि गेला. त्यानं खरं मानलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

खुलासा मी लिहायचा होता. व्यंकटरावांनी मला बोलावून घेतलं.

"यंत्रातील बिघाडामुळे नाव छापायचे राहिले, असं लिहा. दोन ओळी. विषय मिटंल."

"यंत्र बिघडलं नव्हतं, साहेब."

"नागूबाई, तुमची बढती निघालीय यंदा. तुमच्या सेवापुस्तकात हे चिकटंल. शिवाय व्रत, मौन असलं काही कागदावर घेऊ नका. लोक हसतील."

"यंत्राचं नाव घातलं तर त्यांना वाटेल, बनवून सांगतात," मी म्हणाले. "बिघडलं होतं तर नांदेडच्या माणसाचा कागद मागतील. तो कुठनं आणायचा? मग बाईचं नाव कायमचं जाईल."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा."

तो मंगळवार होता. मी टेबलाशी बसले आणि लिहिलं. यादी छापली जात असताना प्रिंटरची मूठ फिरवली गेली हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी माझं मौन असल्यानं मी थांबवलं नाही. छपाई पुरी झाली का असं विचारल्यावर, खात्री न करता, झाली अशी मी मान डोलावली. पडद्यावर आलेली सूचना वाचली नाही. श्रीमती धुरपताबाई यांचे नाव मूळ यादीत होते. ते विद्यार्थ्यांच्या यादीवर छापले गेले, ती पट्टी सोबत जोडली आहे. यात त्यांचा कोणताही दोष नाही.

पट्टी मागायला गेले तेव्हा धुरपताबाई व्हरांड्यात घडा धूत होती. तिनं कनवटीतून पट्टी काढली, घडीच्या रेघांवर अक्षरं विरली होती, पण नाव वाचता येत होतं.

"ही दिली तर माघारी मिळंल का?"

"नाही. फायलीला लागेल."

तिनं जरा विचार केला आणि पट्टी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली, नेहमीसारखी, माझ्या हाताला न लागता.

"घेते," आत येऊन मी खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले.

"घ्या," दत्तराव त्यांच्या कोपऱ्यातून म्हणाले. त्या सोमवारापासून त्यांनी एकही थट्टा केली नव्हती.

मी मूठ डावीकडं केली. प्रिंटर सुरू झाला. धुरपताबाई ओले हात पुसत आत आली आणि डबीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, दत्तरावांकडं तोंड करून, दोन्ही हात कमरेवर.

"अहो, मी कशाला येतो आता," दत्तराव म्हणाले.

"तुमी बसा. मी हितंच हाय."

कागद बाहेर आला. मी फाडून घेतला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मोठ्यानं. ती ऐकत होती. मान डोलावल्याचं वाक्य आलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. दत्तराव खाली बघत होते.

"ह्यात माझं नाव कुठाय?" तिनं विचारलं.

मी कागद टेबलावर पसरला आणि बोटानं दाखवायला गेले. ती पलीकडून, लांबून वाकून बघत होती. तिथून तिला काय दिसणार. मी तिचा हात धरला. ओला, खरखरीत, राखेचा वास येणारा हात. तो दचकून मागं गेला. मी सोडला नाही. तिचं बोट आणून मी त्या ओळीवर ठेवलं.

"हे. इथनं इथपर्यंत."

तिनं बोट ओळीवरून हळूहळू नेलं. शाई अजून ओली होती, थोडी पसरली. तिनं बोट उचलून उजेडात धरलं, त्यावरचा काळा डाग बघितला.

"पुसलं तर न्हाई ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "वाचता येतंय."

"पुन्यांदा काढा," ती म्हणाली. "डाग नको. त्येनला पुन्हा शेरा माराया नको."

मी पुन्हा "घेते" म्हणाले. ती पुन्हा डबीपुढं जाऊन उभी राहिली.